घरातल्या इंटरनेटला गाळणं



मंडळातल्या दोघीतिघींनी विचारलं, "तुम्ही घरातलं इंटरनेट गाळून घेता म्हणे, ते कसं?" पाच मिनिटांत उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. थोडं तांत्रिक आहे, पण स्वेटरचा नमुना वाचून टाके मोजणाऱ्या बाईला हे मुळीच अवघड नाही. एक वेळ हिशेब चुकला तर शोधत बसावं लागतं. इथे चुकलं तर जुनी फाइल परत ठेवली की झालं.

हे करावंसं का वाटलं ते आधी सांगते. आमच्या सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत. पोथीतली अक्षरं दिसत नाहीत, म्हणून टॅबवर अक्षरं मोठी करून भक्तामर आणि आलोचना पाठ वाचतात. ही स्तोत्रं जिथे फुकट वाचायला मिळतात, त्यातली बरीच पानं जाहिरातींवर चालतात. त्यांचाही खर्च असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन श्लोकांच्या मध्ये घरपोच चिकनची जाहिरात यावी, तीही मोठ्या फोटोसकट? त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि बोटाने अंदाजाने पान वर सरकवायच्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात लाल अक्षरांत "तुमच्या उपकरणात व्हायरस आहे, ताबडतोब इथे दाबा" असं यायला लागलं. मला हाक मारून विचारायच्या, "अगं, हे दाबू का?" मी स्वयंपाकघरात असताना, मंदिरात गेले असताना त्या कोणाला विचारणार?

रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यात दुःश्रुती एक आहे: जे ऐकून-वाचून चित्त गढूळ होतं, ते ऐकणं. पूर्वी ते टाळायचं म्हणजे चावडीवरच्या गप्पांना बसायचं नाही, नको ती पुस्तकं घरात आणायची नाहीत, एवढंच होतं. आता आपण स्तोत्र वाचायला बसलो तरी दुःश्रुती न बोलावता येऊन मधे बसते. तिला दारातच अडवता येतं का, हे मी शोधायला लागले.

त्यातून 'फिल्टरिंग प्रॉक्सी' हा शब्द भेटला. प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने काम करणारा. कंपनीच्या सभेला आपण जात नाही तेव्हा प्रॉक्सी पाठवतो, तोच शब्द. एरवी आपला फोन किंवा टॅब थेट बाहेरच्या संकेतस्थळाकडे जाऊन पान मागतो. प्रॉक्सी बसवली की तो आधी घरातल्याच एका संगणकाला सांगतो, "मला अमुक पान हवं." मग तो संगणक बाहेर जाऊन ते आणतो आणि देतो. पान आणता आणता त्यातल्या जाहिरातींसाठी वेगळ्या पत्त्यांवर ज्या मागण्या जातात, त्या तो पाठवतच नाही. एका पानात दहा-पंधरा ठिकाणचा माल असतो, हे मला यात पडेपर्यंत माहीत नव्हतं. स्तोत्र एका ठिकाणाहून येतं, चित्र दुसऱ्या ठिकाणाहून, चिकन तिसऱ्या, आणि आपण काय वाचतो याची टिपणं घेणारे चौथ्या-पाचव्या ठिकाणी बसलेले असतात.

पाणी गाळण्याची उपमा सगळ्यांनाच सुचते, मीही शीर्षकात तीच वापरली आहे. पण ती फार ताणू नका. आपण पाणी गाळतो ते पाण्यातल्या जीवांसाठी, म्हणून तर कापडावर राहिलेली जिवाणी जपून त्याच पाण्यात परत सोडतो. इंटरनेट गाळतो ते आपल्यासाठी. दोन्हींत पुण्य सारखं नाही.

आता प्रत्यक्ष काम. मी वापरते त्या प्रोग्रॅमचं नाव प्रिव्हॉक्सी. तो फुकट आहे, त्याची घडण सगळ्यांना पाहता येते, आणि तो वीस वर्षांहून जुना आहे. इंटरनेट जंकबस्टर नावाच्या त्याहून जुन्या प्रोग्रॅमवरून तो तयार झाला. मुलाचा एक जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. भाच्याने त्यावर पेन ड्राइव्हवरून डेबियन टाकून दिलं, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स. पुढचं सगळं मी वहीत लिहून घेत घेत केलं. या कामाला ताकदवान संगणक लागत नाही, रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणकही पुरतो. जुन्या लॅपटॉपचा फायदा म्हणजे बॅटरी असते, वीज गेली तरी तो धाडकन बंद पडत नाही.

बसवण्याची आज्ञा एका ओळीची आहे: सुडो एपीटी इन्स्टॉल प्रिव्हॉक्सी. मी इथे देवनागरीत लिहिते आहे, तुम्ही अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचं, आकडेही इंग्रजीच. पासवर्ड विचारतो, दिला की दोन-चार मिनिटांत काम होतं.

यानंतर पहिलं काम मी केलं ते मूळ फाइलींच्या प्रती काढून ठेवण्याचं. इटीसी नावाच्या फोल्डरात प्रिव्हॉक्सी नावाचा फोल्डर असतो, त्यातली 'कॉन्फिग' ही मुख्य फाइल. ती पुष्कळ लांब आहे, पण घाबरू नका. ज्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह आहे ती ओळ प्रोग्रॅम वाचत नाही, ती आपल्यासाठी लिहिलेली समजूत असते. फाइलचा बहुतेक भाग तसाच आहे. इतकं समजावून लिहिलेलं मी गॅसच्या शेगडीच्या पुस्तिकेतही पाहिलं नाही.

त्या फाइलमध्ये दोन गोष्टी बदलायच्या. पहिली 'लिसन-अॅड्रेस'. मुळात तिथे १२७.०.०.१ आणि पुढे विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर ८११८ असतं. १२७.०.०.१ म्हणजे 'मी स्वतः'. याचा अर्थ हा प्रोग्रॅम फक्त त्याच लॅपटॉपचं ऐकतो, घरातल्या टॅबचं नाही. तिथे लॅपटॉपचा घरातला पत्ता घालायचा. आमच्याकडे तो १९२.१६८.१.१० आहे, तुमचा वेगळा असेल. राउटर हे पत्ते वाटत असतो आणि कधी कधी बदलतो, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या लॅपटॉपला एकच पत्ता कायमचा नेमून द्या. नाहीतर एका सकाळी घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट बंद, आणि सगळे तुमच्या नावाने हाका मारणार.

दुसरी 'पर्मिट-अॅक्सेस'. यात कोणाकोणाला आत घ्यायचं ते लिहितात. आम्ही फक्त घरातल्या वाय-फायवरच्या पत्त्यांना परवानगी दिली. हे महत्त्वाचं आहे. कोणी सांगितलं की "राउटरमधून बाहेरून येण्याची वाट काढा, म्हणजे प्रवासातही वापरता येईल," तर ऐकू नका. आपली प्रॉक्सी जगाला उघडी झाली की परके लोक आपल्या नावावर काय काय मागवतील, त्याला हिशेब नाही. त्याच फाइलमध्ये वेब पानावरून नियम बदलण्याची सोय आहे, ती मुळात बंद असते. बंदच ठेवा.

फाइल जतन केली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, आणि टॅबकडे वळले. अँड्रॉइडमध्ये वाय-फायच्या नावावर जाऊन, बदल करण्याच्या पानावर, प्रगत पर्यायांत 'प्रॉक्सी' असतं. तिथे 'मॅन्युअल' निवडून होस्टच्या जागी लॅपटॉपचा पत्ता आणि पोर्टच्या जागी ८११८. झालं की नाही हे पाहायला ब्राउझरमध्ये एचटीटीपी, मग दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा, आणि पी डॉट पी एवढाच पत्ता लिहायचा. प्रिव्हॉक्सीचं पान उघडलं की समजायचं, पाणी गाळण्यातून यायला लागलं. मला तेव्हा झालेला आनंद पहिल्यांदा ताळेबंद जुळला होता त्याच जातीचा होता.

आता नियम. नियमांच्या फाइली दोन महत्त्वाच्या: 'डीफॉल्ट डॉट अॅक्शन' आणि 'यूजर डॉट अॅक्शन'. पहिलीत तयार नियम आहेत, तिला हात लावायचा नाही, कारण प्रोग्रॅम नवा झाला की ती बदलली जाते. आपले नियम दुसरीत. नियम वरून खाली वाचले जातात आणि ज्याचा शब्द शेवटी येतो तो चालतो. आपली फाइल शेवटी वाचली जाते, म्हणजे घरात शेवटचा शब्द घरच्यांचाच.

अडवायचं असेल तर महिरपी कंसात अधिकचं चिन्ह आणि 'ब्लॉक', त्याच्या आत आणखी एका महिरपी कंसात कारण. खाली एकेका ओळीवर पत्ते. पत्त्याच्या आधी टिंब दिलं की त्याच्या सगळ्या शाखा त्यात येतात. सोडायचं असेल तर उणे 'ब्लॉक' आणि खाली पत्ते. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की अडवताना कारण लिहिण्याची जागा ठेवलेली आहे. घरातली मोठी माणसं सहसा ठेवत नाहीत.

इथे एक गंमत. माहितीपुस्तकात उदाहरण म्हणून एक नियम दिला आहे: ज्या पत्त्याची सुरुवात इंग्रजी ए आणि डी या अक्षरांनी होते तो अडवा, कारण जाहिरातींचे पत्ते असे असतात. लगेच खाली अपवाद दिले आहेत: अॅडव्हाइस, अॅडोबी वगैरे, त्यांचा जाहिरातींशी संबंध नाही. ते वाचता वाचता मी थांबले. आपल्या आदिनाथ भगवंतांचं नाव इंग्रजीत लिहिताना सुरुवात ए-डीनेच होते! गाळण्याला प्रथम तीर्थंकर आणि चिकनची जाहिरात यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त अक्षरं कळतात. माझ्या फाइलमधली पहिली ओळ म्हणून ए, डी, आय या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांना मी आधीच मोकळीक देऊन ठेवली. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे यंत्राला मिथ्यादृष्टी म्हणायचं." पुढे चार दिवस भेटेल त्याला सांगत होत्या.

यात एक अडचण मात्र आहे. साध्या, कुलूप नसलेल्या पानावर अडवणूक झाली, तर प्रिव्हॉक्सी स्वतःचं एक पान दाखवतो: हे का अडवलं त्याचं कारण, आणि "तरीही तिथे जायचंय" असा एक दुवा. आता जवळजवळ सगळी संकेतस्थळं एचटीटीपीएसवर आहेत. म्हणजे मजकूर बंद पाकिटातून येतो. प्रॉक्सीला पाकिटावरचं नाव दिसतं, आतलं पत्र दिसत नाही. नावावरून ती पाकीट आणायचं की नाही एवढंच ठरवू शकते. आणि नाही आणलं, तर ब्राउझर कारण दाखवत नाही, नुसतं 'जोडणी झाली नाही' म्हणतो. म्हणून मी फ्रिजवर एक कागद लावला: काय अडवलं आहे, का अडवलं आहे, आणि हवं असेल तर मला सांगा, सोडून देईन. सून त्यावर पेन्सिलने लिहून ठेवते. कपड्यांच्या एका दुकानाचं पान तिने लिहिलं होतं, त्याच दुपारी सोडलं. कोणाला कशासाठी हवं हे मी विचारत नाही.

त्या बंद पाकिटांवरून घरात जे झालं, ते खरं तर सांगायचं आहे.

प्रिव्हॉक्सीत रोजकीर्द ठेवण्याची सोय आहे. 'डीबग १' ही ओळ चालू केली, की कोणी कुठलं संकेतस्थळ मागितलं त्याची वेळेसकट नोंद एका फाइलमध्ये पडते. मुळात ही ओळ बंद असते, पुढचा हॅश काढला की चालू. पाकिटातलं वाचता येत नाही, पण कोणी कोणाला रात्री साडेअकरा वाजता पत्र पाठवलं हे कळतं. तेवढ्यावरून माणसाबद्दल पुष्कळ समजतं. डॉक्टरांचं संकेतस्थळ, नोकरीचं, वकिलाचं, कर्जाचं.

नात आठवीत आहे. मुलगा म्हणाला, "आई, एवढं केलंच आहेस तर ते चालू कर. महिन्यातून एकदा बघू ती काय बघते ते." त्याची काळजी खोटी नाही. तेरा वर्षांची मुलगी, हातात टॅब, बाहेर काय काय चाललंय ते रोज वर्तमानपत्रात येतं. मी लगेच नाही म्हटलं नाही. मी वाणिज्य शाखेची. 'नोंद नाही तो व्यवहार नाही' या शिस्तीत माझी उमेद गेली. सासऱ्यांच्या दुकानाची कीर्द मी बारा वर्षं लिहिली, एक चहासुद्धा वहीबाहेर गेला नाही. नोंद ठेवण्याची सोय असताना न ठेवणं माझ्या हाताला जड जातं.

पण त्या नोंदीत नात एकटी येणार नव्हती. सगळ्यांचा रस्ता त्याच लॅपटॉपमधून. सुनेचा फोन, मुलाचा, यांचा. आणि वही कोणाकडे? सासूकडे. सुनेच्या फोनची रोजकीर्द सासूच्या लॅपटॉपमध्ये! तिने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मुलगा बोलत होता तेव्हा ती भाजी निवडत होती आणि निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला लागली होती, ते मी पाहिलं.

सासूबाई तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, "मग माझंपण तुला दिसेल काय, मी काय वाचते ते?"

मैत्रिणींनो, मी या घरात आले तेव्हा फोन नव्हता. माहेरची खुशाली निळ्या अंतर्देशीय पत्रातून यायची. ते पत्र माझ्या हातात यायचं तेव्हा त्याची कड आधीच फाडलेली असायची. मामंजी आधी वाचायचे, सासूबाई शेजारी बसून ऐकायच्या, मग संध्याकाळी मला मिळायचं. कोणी काही वाईट बोललं नाही कधी. तशी रीतच होती, आमच्या गल्लीत सगळ्याच घरी. मी फक्त आईला लिहिताना सगळं छान आहे असं लिहायला लागले, आणि आईही तसंच लिहायला लागली. तिला गाठ आली होती हे मला ती दवाखान्यात गेल्यावर कळलं. पत्रात कसं लिहिणार होती ती, आधी व्याही वाचणार हे माहीत असताना?

"दिसेल," मी म्हटलं. "चालू केलं तर दिसेल."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझी पत्रं फोडायचे ते."

"फोडायचे," मी म्हटलं.

एवढंच. त्यांनी चष्मा पुसला आणि टॅब पुढे ओढला.

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात सत्याणुव्रताचे अतिचार येतात. खोटं बोलू नये हे लहानपणापासून कळतं, म्हणून त्या भागाकडे माझं फार लक्ष नसायचं. पण त्या अतिचारांत दोन असे आहेत, की त्यांत खोटं काहीच नाही. एक रहोभ्याख्यान, म्हणजे कोणी एकांतात केलेली गोष्ट उघड करणं. दुसरा साकारमंत्रभेद, म्हणजे दुसऱ्याच्या हालचालींवरून, चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखून ते बाहेर सांगणं. उघड केलेली गोष्ट शंभर टक्के खरी असते, तरी सत्यव्रताला दोष लागतो. शेकडो वर्षांपूर्वी उमास्वामींपुढे लॅपटॉप नव्हता. पण संकेतस्थळांच्या नुसत्या नावांवरून माणसाचं मन वाचणं याला साकारमंत्रभेदाइतका नेमका शब्द मला तरी दुसरा माहीत नाही.

कोणी म्हणेल, मी बाहेर कुठे सांगणार होते? तेही खरं आहे. पण मी स्वतःला ओळखते. सुनेने रात्री नोकरीची पानं पाहिली असं कळलं असतं, तर सकाळी चहा देताना माझा हात वेगळा झाला असता. तिला ते कळलं असतं. सांगणं म्हणजे तोंडानेच सांगणं असं कुठे आहे?

तेव्हा ती ओळ मी बंद ठेवली. 'डीबग १०२४' नावाची आणखी एक आहे, तिच्यात फक्त अडवलेल्या मागण्यांची आणि अडवण्याच्या कारणांची नोंद होते. कोणाचं पान उघडत नसेल तर त्या माणसाला शेजारी बसवून ती चालू करते, काय अडतंय ते त्याच्यासमोर पाहते, बंद करते आणि फाइल पुसते. हा माझा नेम आहे. मुलाला तो पटलेला नाही. "मग एवढा खटाटोप कशाला?" असं तो अजून म्हणतो. त्याला मी सांगितलं, नातीची काळजी असेल तर संध्याकाळी तिच्याजवळ बस. तो म्हणाला, वेळ कुठे असतो. हा वाद आमच्याकडे मिटलेला नाही.

नातीसाठी काहीच केलं नाही असं मात्र नाही. अश्लील संकेतस्थळांची तयार यादी प्रिव्हॉक्सीत नसते, ती नावं मी कुठून गोळा करणार! त्यासाठी राउटरमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ हा पत्ता घातला. क्लाउडफ्लेअरची ही फुकट सोय आहे, ती घातक आणि प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांची नावंच सापडू देत नाही. हे नातीला समोर बसवून, तिला सांगून केलं. फ्रिजवरच्या कागदावर तीही लिहू शकते, तिलाही तोच नियम: कारण विचारणार नाही, पण तिच्या बाबतीत सोडण्याआधी आम्ही दोघी मिळून ते पान पाहणार. तिने मान्य केलं, थोडं तोंड वाकडं करून.

आणखी एक सोय आहे, ती तुम्हाला कोणीतरी उत्साही भाचा नक्की सुचवेल. प्रिव्हॉक्सीच्या नव्या आवृत्त्यांत बंद पाकीट उघडून आतला मजकूर गाळण्याचीही व्यवस्था आहे. त्यासाठी लॅपटॉपवर स्वतःचं प्रमाणपत्र तयार करून ते घरातल्या प्रत्येक उपकरणात बसवावं लागतं. म्हणजे उपकरणाला सांगायचं, पाकीट वाटेत फोडून पुन्हा चिकटवलेलं असलं तरी विश्वास ठेव. जाहिराती आणखी कमी होतील, कारणाचं पानही दिसेल. पण बँकेची पाकिटंही त्याच वाटेने जातात. मी ते बसवलेलं नाही आणि बसवणारही नाही. त्या निळ्या पत्रांबद्दल लिहिलंच आहे.

काय होत नाही, तेही ऐका, नाहीतर मला दोष द्याल. हे फक्त घरातल्या वाय-फायवर चालतं. मोबाइल डेटा चालू केला की गाळणं बाजूला राहिलं. अँड्रॉइड स्वतःच सांगतं, की ही प्रॉक्सी ब्राउझर वापरतो, बाकीची अॅप वापरतीलच असं नाही. म्हणून सासूबाईंना स्तोत्रं ब्राउझरमधूनच वाचायची सवय लावली, पानाचं चिन्ह टॅबच्या पहिल्या पडद्यावर ठेवलं. व्हिडिओच्या मधल्या जाहिराती बहुतेक वेळा व्हिडिओ जिथून येतो तिथूनच येतात. एकाच हंड्यातलं दूध आणि पाणी नावावरून वेगळं करता येत नाही. प्रवचनांचे व्हिडिओ पाहताना त्या येणारच. आणि लॅपटॉप बंद असेल तर टॅबचं इंटरनेटही बंद. आमच्याकडे एकदा कामवाल्या बाईंनी झाडताना प्लग काढला, बॅटरी संपल्यावर दुपारी कळलं. आता प्लगवर चिकटपट्टी आहे.

सगळ्या अॅपसाठी हवं असेल तर पाय-होल नावाचा दुसरा प्रकार आहे, तो नावांच्या पातळीवर सगळ्या घरासाठी अडवतो. पुष्कळांना तो सोपा वाटतो. त्यातही कोणी काय मागितलं याची वही असते, बसवताना ती ठेवायची का असं विचारतो, तेव्हा नीट वाचून उत्तर द्या.

गाळलेलं पाणी एका मुहूर्तानंतर पुन्हा गाळावं लागतं, अठ्ठेचाळीस मिनिटांनी. हे गाळणं इतकं कडक नाही, पण जाहिरातवाले नवे पत्ते काढत राहतात. मी दर अष्टमी-चतुर्दशीला, उपवास किंवा एकासन असतं आणि स्वयंपाकाला हात कमी लागतो तेव्हा, सुडो एपीटी अपडेट आणि मग अपग्रेड अशा दोन आज्ञा देते आणि फ्रिजवरचा कागद पाहते. या चतुर्दशीला त्यावर तीन नावं होती. दोन पेन्सिलने, सुनेच्या अक्षरात. तिसरं शाईने, थरथरत्या मोडक्या अक्षरात, रांगोळीच्या नमुन्यांच्या एका पानाचं. ते सोडलं. बऱ्याच जाहिराती आहेत त्यावर, पण साड्यांच्या आहेत.